शिल्लक नग: एक

१० नोव्हेंबर, सोमवार

दुकानात आज सॉफ्टवेअर बसले. बसले म्हणजे दृष्टीस काहीच पडले नाही – ना पेटी, ना तार. तरीही वैदेहीने संगणकाला हळदकुंकू वाहिले आणि ते बसवण्यासाठी परळच्या कंपनीतून आलेल्या नूपुर नावाच्या मुलीच्या हातावर पेढा ठेवला. अदृश्याची पूजा करण्याचा या घराला सराव आहे.

निमित्त समईचे. गिरगावातले हे पूजासाहित्याचे दुकान माझ्या वडिलांचे. मी शाळेत संस्कृत शिकवीत राहिलो, पत्नी ललिता गल्ल्यावर बसली. ती गेल्यापासून सून वैदेही बसते. तिने विक्री इंटरनेटवर नेली – आपली एक वेबसाइट, शिवाय इतरांची तीन मोठी बाजारस्थळे. पण एकच समई एके ठिकाणी नऊ इंच, दुसरीकडे नऊ सेंटिमीटर, तिसरीकडे नुसतीच ‘सुंदर’. दिवाळीत एका गृहस्थांना अंगठ्याएवढी समई पोचली. ती परत आली, सोबत चिठ्ठी: ‘बाहुलीच्या लग्नासाठी ठेवा.’

नूपुर म्हणाली, “आजोबा, आता प्रत्येक वस्तूची एकच नोंद. इथे लिहाल तेच सगळीकडे दिसणार. इथे बदललं की सगळीकडे बदललं.”

मी म्हणालो, मुली, तत्त्व एक आणि नामरूपे अनेक, हे समजावण्यात आमच्या आचार्यांची आयुष्ये गेली.

“हो, सेम,” म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वर्णने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आधीची यंत्राने लिहिली होती. निरांजनाखाली – ‘रोमँटिक जेवणासाठी उत्तम.’ सोवळ्याखाली – ‘पार्टीत उठून दिसा.’ वैदेही म्हणते, गिऱ्हाइकांना तेच आवडत असेल तर? मी म्हणालो, मग त्यांना निरांजन देऊ नये.

प्रत्येक वस्तूचे रकाने भरायचे. भरत जाऊ तशी वर एक हिरवी पट्टी वाढते – नोंद किती पूर्ण झाली ते दाखवणारी. पट्टी पूर्ण भरल्याशिवाय वस्तू बाजारात जात नाही. रकाने मात्र चपला, खेळणी, देव – सर्वांना सारखेच. समदृष्टी म्हणावी ती हीच! बाळकृष्ण – वयोगट कोणता? गंगाजल – कधीपर्यंत वापरावे? गणपती – बॅटरी लागते का? तेथे मी ‘चैतन्य पुरेसे’ असे लिहिले. स्वीकारले नाही. ‘होय’ किंवा ‘नाही’, दोहोंपैकी एकच. ‘नाही’ निवडले. नेति नेति म्हणणाऱ्यांना ते जड जाऊ नये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जानवी आणि तांब्याची ताम्हने. एका ताम्हनाचे लहान, मध्यम, मोठे असे तीन आकार असतील तर एक ‘पालक’ नोंद आणि तिच्याखाली तीन ‘अपत्ये’. पालकाचे गुण अपत्यांकडे आपोआप उतरतात. मला ही व्यवस्था फार पसंत पडली. मग चुकून माझ्या हातून एक दुवा तुटला आणि मधले ताम्हन लाल झाले.

नूपुर फोनवर म्हणाली, “पालकाशी लिंक तुटली की ते अनाथ होतं, आजोबा. डिलीट नाही होत. जोडेपर्यंत लाल दिसत राहतं, सारखं समोर येतं.”

संगणक लवकर मिटला.

मनवाला घर सोडून सात-आठ महिने झाले असतील. शंतनु आणि वैदेही यांची एकुलती एक, माझी नात, माझ्याच मांडीवर बसून शब्दरूपे पाठ केलेली. तिने सांगितले, लग्न नोंदणी कार्यालयात करणार – होम नाही, सप्तपदी नाही, दोघांनाही नको आहे. अग्नीवाचून विवाह, म्हणजे माझ्या दृष्टीने दोन साक्षीदारांसमोर केलेली सही. ती म्हणाली, “निदान त्याचं नाव तरी ऐका, आप्पाआजोबा.” मी उठून देवघरात गेलो आणि घंटा वाजवू लागलो. ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही. तेवढ्यासाठीच वाजवली होती.

नंतर घरात सांगितले – ते नाव या उंबऱ्याच्या आत उच्चारायचे नाही. आजवर कोणी उच्चारलेले नाही. जात, गाव, व्यवसाय – मला यातले काही ठाऊक नाही. लोक म्हणत असतील, म्हाताऱ्याने जात पाहिली. पाहिली नाही. तेथवर गोष्ट येऊच दिली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वैदेहीबरोबर परळला गेलो. नूपुरच्या कंपनीत शिकवणी होती. जेथे गिरणी होती तेथे काचेचा मनोरा; गिरणीचे धुरांडे तेवढे राखून त्याच्याभोवती बाग केली आहे. नूपुरचे आजोबा याच गिरणीत होते, डिलाईल रोडला राहतात अजून. ती त्याच आवारात चौदाव्या मजल्यावर बसते. “आजोबा खालून भोंगा ऐकायचे, मी वरून धुरांडं बघते,” म्हणाली.

माझी तक्रार होती – बाजारस्थळावर देवांच्या मूर्ती ‘गृहसजावट’मध्ये, त्यातही ‘शोपीस’ या पोटविभागात का? तिचे म्हणणे, ते विभाग बाजारस्थळांचे, आपल्या हाती नाही. मी म्हणालो, देवाला शोपीस म्हटल्यावर त्याने शोपीससारखे वागले तर दोष कोणाचा? तिने ती तक्रार नोंदवून घेतली. तक्रारींसाठीही रकाना आहे. त्यालाही हिरवी पट्टी आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अन्नपूर्णेपाशी अडलो. नव्या आलेल्या मूर्तींत पळी साच्यात ओतताना निम्मीच राहिली आहे. देवी लाटणे घेऊन कोणाच्या तरी मागे लागल्यासारखी दिसते. अशी प्रतिमा मी कशी देणार? लोकांनी एकदा खरी अन्नपूर्णा पाहावी. म्हणून देवघरातली काढली, खिडकीशी ठेवली आणि फोटो घेतला.

ही ललितेची. लग्नाच्या दिवशी गौरीहर पुजताना नवरी हिच्यासमोर बसते, एकेक अक्षत वाहते, आणि सासरी येताना हिला बरोबर आणते. ललितेने आणली. तेव्हापासून तांदळाच्या वाटीत बसलेली आहे. वरचे नाकडोळे झिजले, पोट तेवढे गुळगुळीत चमकते. जाण्यापूर्वी ललिता सांगून गेली – नवी घेऊ नका, मनवाला हीच द्या. पण मनवाने गौरीहर पुजलाच नाही. मग द्यायची कोणत्या मुहूर्तावर? ती जागीच आहे.

नोंद काळजीपूर्वक केली. धातू पितळ, उंची चार बोटे – बोटे चालेनात, सेंटिमीटर लिहिले. किमतीच्या रकान्यात ‘अमूल्य’ लिहिले, तेथे अक्षरे चालत नाहीत. शून्यही चालत नाही. एकशे एक लिहिले. ‘परत घेता येईल का?’ – नाही. अन्नपूर्णा कोणी परत करते काय? ‘शिल्लक नग?’ रिकामे सोडले तर पुढे जाऊ देईना. आहे तर एकच. खोटे कशाला लिहायचे? एक लिहिले.

पट्टी पूर्ण हिरवी. माझी पहिली निर्दोष नोंद.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वेबसाइटवर ‘विक्रेत्याला विचारा’ अशी जागा आहे. अन्नपूर्णेखाली कोणी तरी विचारले आहे – ‘फोटोतलीच मूर्ती मिळणार की तशी दुसरी?’ उत्तर दिले: ‘चित्रात आहे तीच. तशी दुसरी नाही.’

यातले एक अक्षरही असत्य नाही. तरी उत्तर पाठवल्यावर वाटले, सत्य थोडे अधिक झाले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

त्याच गृहस्थाचा आज दुसरा प्रश्न. शब्दशः उतरवतो:

‘आमच्याकडे रोज मासे शिजतात. घर म्हणजे सुकवलेल्या बोंबलांच्या वासातच आहे. अशा घरात ही ठेवली तर चालेल का? नीट सांगा. उगीच चालेल म्हणू नका.’

‘उगीच चालेल म्हणू नका’ – हे मला फार आवडले. आजकाल असा जिज्ञासू मिळत नाही. सर्वांना आधीच ठरवलेल्या गोष्टीवर शिक्का हवा असतो. दुपार त्यात घालवली. लिहिले:

‘ही अन्नाची देवता. कोणाच्या पानात काय आहे हे ती पाहत नाही, पान रिकामे आहे का एवढेच पाहते. शेतकऱ्याचे शेत जमीन, कोळ्याचे शेत समुद्र. दोन्हींकडचे पीक तिचेच. आपल्या घरात भुकेला माणूस उपाशी जात नसेल, तर तिला तेथे काही उणे नाही. रोज हात धुऊन नमस्कार करावा. एवढेच सोवळे.’

वैदेहीने ते वाचले. “आप्पा, हे तुम्ही मनापासून लिहिलंत ना?” विचित्र प्रश्न! म्हणालो, मी मनाव्यतिरिक्त अन्य स्थानावरून लिहीत नाही. “बरं,” म्हणाली, आणि परत एकदा वाचून कुकर लावायला गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा प्रश्न. ‘बायकोला माहेरून मिळायची होती. राहून गेली. नवऱ्याने आणली तर शास्त्राला चालते का?’

राहून गेली! काय ही घरे! मुलीला पाठवताना अन्नपूर्णा राहून जाते – हा कसला विसर? वडीलधारे कोणी नव्हते काय? तावातावाने लिहू लागलो आणि दुसऱ्या ओळीवर हात आपोआप मंदावला. पाणी पिऊन आलो. आधीचे पुसले आणि नव्याने लिहिले:

‘चालते. तरी ती माहेरचीच मानावी. देणाऱ्यांनी दिली नाही, म्हणून मुलीचा हक्क संपत नाही.’

शेवटचे वाक्य त्याने विचारलेले नव्हते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. वैदेहीचा उपास. ती घट मांडत असतानाच तिचा मोबाईल वाजला – ऑर्डर. अन्नपूर्णा, नग एक.

ती देवघराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आप्पा, तुम्ही घरची अन्नपूर्णा विकायला काढलीत?”

मी सांगितले, विक्रीला नव्हे, दर्शनासाठी. लोकांना आदर्श प्रतिमा कळावी म्हणून. तिने सांगितले की सॉफ्टवेअरला दर्शन हा प्रकार ठाऊक नाही. शिल्लक एक आहे म्हटल्यावर ते एक विकते. आणि विकले. आता तेथे ‘शिल्लक शून्य’ असे दिसते आहे. चारही ठिकाणी. एकाच वेळी.

शंतनु बँकेत निघाला होता. बूट चढवता चढवता म्हणाला, “रद्द करून टाक, त्यात काय.” वैदेहीने रद्द करण्याचे बटण दाबले. कारण निवडा, असे आले. तीनच कारणे: माल संपला, माल खराब झाला, ग्राहकाने नको म्हटले.

माल संपलेला नाही, समोर तांदळात बसला आहे. खराब झालेला नाही. आणि ग्राहक नको म्हणत नाही. मासे शिजवीत असूनही हवी म्हणतो आहे.

नूपुरला फोन केला – चौथे कारण घालता येईल काय? “काय घालू, आजोबा?” ‘विक्रेत्याचा मोह’, म्हणालो. ती हसत सुटली. मग समजुतीने म्हणाली, “‘माल संपला’ टाका आणि सोडून द्या. सगळे तेच टाकतात. कोण बघतंय?”

तोच तर प्रश्न आहे. कोण बघतंय? मी देवघराकडे पाठ करून बसलो होतो.

शंतनुचा दुपारी फोन – त्या माणसाशीच बोला, समजावून सांगा. नंबर आहे. पण त्याला तीन दिवस मीच सांगत आहे की ही हक्काची वस्तू, मासे चालतील, जे चित्रात तेच मिळेल. आता त्याला म्हणू, बाबा, ते सर्व ज्ञान होते, वस्तू नव्हे?

रात्रीची पोथी वाचली नाही. ललितेला काय सांगू? तिने मनवाला द्यायला सांगितली होती. मनवाला दिली नाही, आणि आता एका अनोळखी घरी पाठवतो आहे – सत्य पाळण्यासाठी! माझ्या सत्याची वाट नेहमी दुसऱ्यांच्या वस्तूंवरूनच का जाते?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रद्द केली नाही. वैदेहीने दोनदा विचारले. दुसऱ्यांदा विचारताना ती रद्द करा म्हणत होती की करू नका, हे कळले नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अन्नपूर्णेची शेवटची पूजा. अक्षता वाहून, प्रथेप्रमाणे, ‘पुनरागमनाय च’ म्हणालो – पुन्हा येण्यासाठी जा. नोंदीत मीच लिहिले आहे, परत घेतली जाणार नाही. देवी दोहोंपैकी काय मानते ते तिने ठरवावे.

नव्या तांदळात बसवली. रिकाम्या हाताने अन्नपूर्णा जात नाही. वैदेहीने कपाटातून हिरवा खण काढला, तिला त्यात गुंडाळले. मग हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. मी म्हणालो, अगं, ही तर ओटी झाली. गिऱ्हाइकाला एवढे कशाला?

“पॅकिंग आहे, आप्पा,” म्हणाली. “वाटेत आदळायला नको.”

खोबऱ्याच्या वाटीने आदळणे कसे थांबते हे विचारणार होतो, पण तिचे डोळे लाल दिसले. सासूची वस्तू जाते आहे, वाईट वाटणारच.

लेबल छापणारे यंत्र नेमके आजच आजारी पडले. काल चालत होते. “तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे,” म्हणून तिने मोबाईल पुढे धरला. बोरूने लिहावे तसे सावकाश लिहिले:

श्री. स्वप्नील तांडेल, मच्छीमार नगर, कफ परेड.

प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आज प्रथम कळले. चांगले नाव आहे. आणि पत्ता तर किती जवळचा! मी समजत होतो, अन्नपूर्णा रत्नागिरीकडे कोठे तरी निघाली.

पार्सल नेणारा आला तेव्हा वैदेही रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेली आणि स्कूटर वळेपर्यंत उभी राहिली. रोज अर्धा डझन पार्सले जातात. आजवर कधी गेली नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

देवघरात वाटी तशीच ठेवली आहे. तांदळात गोल खळगा. सवयीने आज त्याच्यावर फूल वाहिले गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

नूपुर येऊन गेली. नव्या मूर्तींचे फोटो घेतले – त्याच, लाटणेवाल्या. मी वर्णनात स्पष्ट लिहिले: ‘पळी अपुरी आहे.’ ती म्हणाली, “आजोबा, असं कोणी लिहितं का? कोण घेणार?” संध्याकाळपर्यंत दोन गेल्या. लोकांना खरे आवडते, की पळीची कोणाला पर्वा नाही – काही निष्कर्ष काढवत नाही.

तिने मधले ताम्हन पालकाला जोडून दिले. लाल गेले. एका बटणाचे काम होते, म्हणाली. मीच कोठे तरी भलत्या ठिकाणी शोधत होतो.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

अन्नपूर्णेखाली अभिप्राय आला. पाच तारे.

‘फोटोतलीच आली. ओटीसकट. पळी उजवीकडे किंचित झुकलेली आहे, ते वर्णनात नव्हतं. बायको म्हणते तो दोष नाही – तिची आजी सांगायची, वाढून वाढून झुकली. – स्वप्नील तांडेल.’

ते ललितेचे वाक्य आहे. या घराबाहेर कोणी ऐकलेले नाही.

जे नाव उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून मी घंटा बडवली, ते मी येथेच बसून, माझ्या हाताने, ‘श्री’ लावून लिहिले.

वैदेही दारात उभी होती. खाली विक्रेत्याच्या उत्तरासाठी जागा होती. लिहिले – ‘मासे मी खात नाही. वरणभात चालेल. केव्हा येऊ?’

“आप्पा, पाठवू नका हं लगेच,” ती म्हणाली. “ते सगळीकडे दिसेल. चारही ठिकाणी.”

दिसू दे.